दुखणं आणि ठणकणं

बळीरामचं पत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं आणि पंधरा दिवस मी त्याला उत्तर दिलं नाही. निळं आंतर्देशीय पत्र होतं. अक्षर वाकडंतिकडं, कारण ते डाव्या हातानं लिहिलेलं होतं.

"चंपतरावजी, रामराम. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कागद पाहून सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून राहिलो. कागदात लिहिलं आहे, दुखल्यास थांबावे. कोपर जरासं वाकवलं की दुखते. मी थांबतो. एकही दिवस नियम मोडला नाही. तरी हात जिथल्या तिथंच आहे, तोंडापर्यंत पोचत नाही. सून कौशल्या घास भरवते. घरचे म्हणतात गावच्या हाडवैद्याकडं, नत्थूजीकडं चला, तो एका झटक्यात कोपर मोकळं करते. मी त्यांना सांगितलं, दिवाळीपर्यंत कागदाचं ऐकू, मग नत्थूजीचं. तुम्ही वाचलेले मनुष्य आहात. मी काय चुकून राहिलो ते कळवा."

चूक बळीरामची नव्हती. 'दुखल्यास थांबावे' हे वाक्य माझं होतं.

माझी सगळी नोकरी शहराच्या सदर भागातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. लग्नपत्रिका, शाळेचे अहवाल, सहकारी संस्थांचे कायदेकानू, जे येईल ते. समोर माणूस असला की माझी जीभ अडखळते, कागद असला की अडखळत नाही. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, प्रताप नगरकडे रस्ता खोदून ठेवला होता तिथं मी सायकलवरून पडलो आणि डाव्या दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं. हात सहा आठवडे गळ्यात बांधलेला होता. झोळी काढली तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी धंतोलीतल्या दवाखान्याची चिठ्ठी दिली : फिजिओथेरपी. मी तो शब्द घरी येऊन कोशात शोधला. नव्हता.

त्यामुळे पहिल्या दिवशी मी जितक्या चुका करता येतील तितक्या केल्या. दवाखान्यात तपासणीला उपाशी जातात एवढंच ठाऊक, म्हणून उपाशी गेलो. पूर्ण बाह्यांचा सदरा, आत घट्ट बंडी, दोन्ही एका हातानं काढायला पाव तास लागला. आणि मनात अशी समजूत की आपण पडून राहायचं, बाकी सगळं त्या बाई करतील, तेल लावून चोळतील, वर विजेचा शेक देतील, आणि आठ दिवसांत हात वर.

त्या बाई म्हणजे तारा गजभिये. वय तिशीच्या आतबाहेर, अंगावर पांढरा कोट, आवाज खणखणीत. मी त्यांना सिस्टर म्हटलं.

"मी सिस्टर नाही जी. मी इंजेक्शन देत नाही. मी फक्त छळते," त्या म्हणाल्या. "जेवून आले का?"

"उपाशी आहे."

"काहून? उपास आहे का? इथं मेहनत तुम्हाले करायची आहे, मले नाही. उद्यापासून दोन घास खाऊन यायचं. अन् हा सदरा नको, अर्ध्या बाह्यांचा ढिला घाला."

मग त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं आणि डाव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चालवायला सांगितली. बोटं खांद्याच्या खालीच अडली. त्या म्हणाल्या, "अजून." मी अजून नेली. डोळ्यांत पाणी आलं.

"दुखून राहिलं का?"

"बरं आहे," मी म्हणालो.

"बरं असतं तर तुम्ही इथं कायले आले असते?"

बाकावर मूळच्या उमरेडच्या पार्वतीबाई गुडघ्याला शेकाची पिशवी बांधून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्या बुवाले विचारू नको वं तारा. ह्याले इचू चावला तरी हा 'बरं आहे' म्हनन."

सगळे हसले. मीही हसलो, पण ताराबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"पहा जी. तुम्ही मले बरं आहे सांगितलं, तर मी आंधळ्यासारखी काम करीन. मले खरं पाहिजे. कसं दुखते ते सांगा. व्यायाम करताना ओढल्यासारखं होते, आतून ताणते, हात खाली घेतला की दहा-पंधरा मिनिटांत निघून जाते, त्याले मी म्हणते दुखणं. ते राहू द्या. ते आपलंच काम करून राहिलं. पण घरी गेल्यावर दोन दोन घंटे जात नाही, सांधा गरम होते, सुजते, ठोके पडल्यासारखं होते, त्याले मी म्हणते ठणकणं. दुखलं तरी करत राहा. ठणकलं तर थांबा, अन् दुसऱ्या दिवशी मले येऊन सांगा. समजलं?"

"समजलं."

"नाव काय म्हणाले?"

"चंपतराव."

"पहिल्या दिवशी येणारे निम्मे लोक चंपत होतात. तुमच्या तर नावातच आहे. उद्या या."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. तीन महिने गेलो. आयुष्यात इतक्या नियमानं मी फक्त छापखान्यात गेलो असेन. पहिल्या दहा दिवसांत काहीच फरक दिसला नाही आणि मला खात्री वाटू लागली की हे माझ्यासारख्याच्या नशिबात नाही. ताराबाईंनी भिंतीवर माझी बोटं पोचली तिथं पेन्सिलनं रेघ मारून तारीख घातली होती. अकराव्या दिवशी बोटं रेघेच्या दोन बोटं वर गेली. मी ती रेघ तीनदा पाहिली. मग पुढं काही सांगावं लागलं नाही. दुखणं कुठं संपतं आणि ठणकणं कुठं सुरू होतं हे मला माझ्या खांद्यात कळू लागलं, जसं छापखान्यात शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या ओळीत उलटा बसलेला खिळा न वाचताच कळतो.

आता पुढची गोष्ट सांगायला मला अवघड वाटतं, पण सांगतो.

बाहेरगावचे रोगी रोज येऊ शकत नसत. त्यांच्यासाठी ताराबाईंनी एका पानाच्या सूचना लिहून काढल्या होत्या आणि त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती काढायच्या होत्या. मी छापखान्यात होतो हे त्यांना कळल्यावर त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. "जरा पाहून द्या जी. माझं मराठी घरचं आहे."

मी तो घरी नेला आणि लाल शाई काढली. 'करून राहिले' तिथं 'करीत आहेत' केलं. 'काहून' काढलं, 'का' घातलं. 'घंटा' तिथं 'तास'. मग सातवी ओळ आली : 'दुखलं तरी करा. ठणकलं तर थांबा.' मला वाटलं, एकाच ओळीत करा आणि थांबा, वाचणारा गोंधळेल. शिवाय रोग्याला 'दुखलं तरी करा' म्हणणं दवाखान्याच्या कागदावर निष्ठुर दिसतं. आणि ठणकणं हा दुखण्याचाच एक प्रकार, मग दोन शब्द कशाला? मी ओळ खोडली आणि वर सुंदर अक्षरात लिहिलं : 'दुखल्यास थांबावे.'

तीन महिने जो फरक मी अंगानं शिकलो, तो मी एका रेघेत खोडला. लाल शाई हातात आली आणि मला स्वतःचा खांदासुद्धा आठवला नाही.

ताराबाईंनी कागद वाचला. सातव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे ठणकणं राहू द्या ना जी."

"घरगुती वाटतं. शिवाय पुनरुक्ती होते," मी म्हणालो. मी असं ठामपणे फार कमी वेळा काही बोललो असेन.

त्यांनी कागदाची घडी केली. "तुम्ही छापखान्यातले. तुम्हाले जास्त समजते." आणि शंभर प्रती निघाल्या.

रोज येणाऱ्या रोग्यांचं काही बिघडलं नाही. त्यांना रोज ताराबाई समोर होत्या, कागद कोण पाहतो? पार्वतीबाईंनी त्यात चिवडा बांधून नेला.

बळीराम आला तो माझ्या शेवटच्या आठवड्यात. काटोलच्या पलीकडच्या खेड्यातला, पन्नाशीचा, उंच माणूस. संत्र्याची कलमं करण्यात त्या भागात त्याचा हात धरणारा कोणी नाही असं त्याच्याबरोबर आलेला भाचा सांगत होता. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीत चाकूनं चीर द्यायची, त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची, हे दिवसातून शेकडो वेळा. बागवाले त्याला हिवाळ्यात न्यायला यायचे. शिडीवरून पडून त्याचं उजवं कोपर मोडलं होतं. प्लास्टर काढून चार दिवस झाले होते आणि हात काटकोनात गोठल्यासारखा होता.

ताराबाईंनी त्याला तीन व्यायाम दाखवले, माझ्याच समोर त्याला दुखणं आणि ठणकणं समजावलं. त्यानं मान हलवली, पण म्हणाला, "बाई, मले महिन्यातून एकदाच येता येते. बोललेलं वाऱ्यावर जाते. लिहून द्या. लिहिलेलं मी मोडत नाही."

ताराबाईंनी त्याला कागद दिला. तो बाकावर माझ्याशेजारी बसून बोट ठेवून वाचू लागला. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "हा मी तपासला आहे. यातला शब्द न् शब्द पाळा."

"पाळतो जी," तो म्हणाला, आणि माझा पत्ता मागून घेतला.

आणि त्यानं पाळला.

पत्र वाचलं त्याच मिनिटाला मला सगळं कळलं होतं. तरी मी लिहिलं नाही. रोज सकाळी कागद पुढं ओढायचा, 'स. न. वि. वि.' लिहायचं आणि थांबायचं. मी डॉक्टर नाही. मी सांगितलं आणि त्याचं कोपर आणखी बिघडलं तर? एकदा माझ्या शब्दानं त्याचं नुकसान झालंच आहे, दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं सांगू? असे दिवस जात होते आणि तिकडं तो, हात किंचित वाकवून, दुखलं म्हणून थांबत होता.

दिवाळीला चार दिवस राहिले तेव्हा माझी पत्नी कुसुम चकलीचं पीठ मळता मळता म्हणाली, "अहो, त्या काटोलवाल्याले उत्तर गेलं का?"

"लिहितो."

"जिंदगीभर लोकांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या. स्वतःची एक दाखवाले पंधरा दिवस लागतात काय?"

"मी काय लिहू? मी का डॉक्टर आहे?"

"मग डॉक्टरले विचारा. पाय तर मोडले नाहीत तुमचे."

मी तसाच धंतोलीला गेलो. ताराबाई एका मुलीच्या मनगटाला पट्टी बांधत होत्या. मी पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं. मग त्यांनी टेबलाच्या खणातून सूचनांचा कागद काढला आणि सातवी ओळ वाचली.

"हे मीच मान्य केलं," त्या म्हणाल्या.

"नाही. तुम्ही ठणकणं राहू द्या म्हणाला होतात. मी ऐकलं नाही."

"बरं, ते भांडण मग करू. पत्र कधीचं आहे?"

"दसऱ्याचं."

"अन् आज आणलं?" त्या पहिल्यांदाच रागावल्या. "चंपतरावजी, कोपर एका दिवसात लोखंड होत नाही, पण दर आठवड्याले जास्त आखडते. अजून वेळ गेली नाही. पण त्या नत्थूजीनं झटका दिला ना, तर आत पुन्हा इजा होईल, अन् कधी कधी सांध्याभोवती नवीन हाड धरते. मग मीही काही करू शकणार नाही."

"तुम्ही लिहा त्याला. तुमचं ऐकेल."

"माझं ऐकलंच होतं त्यानं, तोंडी. त्याच्यापेक्षा तुमचा कागद मोठा ठरला. आता कागदानंच कागद खोडला पाहिजे. अन् तो तुमच्याच हातचा पाहिजे."

"मी चुकीचं काही लिहिलं तर?"

"तुम्ही तीन महिने इथं घाम गाळला. तुम्हाले काय माहीत आहे, तेच लिहा. मी वाचून देते. बसा तिथं. अन् हे पहा, छापखान्याचं मराठी नका लिहू."

मी बाकावर बसलो. कागदाखाली मांडीवर पाटी घेतली. पहिल्यांदा जे लिहिलं ते 'आपले कृपापत्र पावले' असं सुरू झालं, ते मी फाडलं. मग जे लिहिलं ते असं :

"बळीरामभाऊ, रामराम. तुम्ही चुकले नाही. कागद चुकला. 'दुखल्यास थांबावे' ही ओळ मी लिहिली होती, ती आजच्या आज खोडून टाका. गजभिये बाईंची खरी ओळ अशी होती : दुखलं तरी करा, ठणकलं तर थांबा. मी दोन्ही शब्द एकच समजलो. ते एक नाहीत. तुम्ही कलम बांधणारे आहात, तुम्हाले पट्टी घट्ट कुठं अन् फास कुठं हे सांगावं लागत नाही. हेही तसंच आहे.

नत्थूजीकडं जाऊ नका. कोपराले कोणाले हात लावू देऊ नका, ना झटका, ना ओढणं, ना तेलाचं मालीश. हात फक्त तुम्ही स्वतः वाकवायचा, आपल्याच ताकदीनं.

आधी गरम पाण्याच्या फडक्यानं दंड अन् कोपर दहा मिनिटं शेका. चटका बसेल इतकं गरम नको. मग बसून हात हळूहळू वाकवा. ओढ लागेल. तिथं थांबून पाच अंक मोजा, श्वास रोखू नका, मग सोडा. असं दहा वेळा. मग सरळ करायचं, तेही दहा वेळा. मग तळहात वर, तळहात खाली. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. एकाच वेळी सगळं उरकायचं नाही. मले पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्हालेही येईल. घाबरायचं नाही.

व्यायामानंतरचं दुखणं थोड्या वेळात गेलं तर तुमचं बरोबर चाललं. दोन घंट्यांनंतरही ठणकत असेल, कोपर गरम लागत असेल, सुजलं असेल, तर त्या दिवशी बंद अन् दुसऱ्या दिवशी निम्मं करा. बोटांना मुंग्या आल्या किंवा बोटं सुन्न झाली तर व्यायाम बंद करून लगेच निघून या.

पहिले आठ-दहा दिवस फरक दिसणार नाही. मलेही दिसला नव्हता, अन् मी सोडणारच होतो. म्हणून मोजून ठेवा. हात वाकवून अंगठा अन् ओठ यांच्यात किती बोटं अंतर राहते ते आज कौशल्याले मोजायले सांगा. भिंतीवर लिहा. दर आठ दिवसांनी पुन्हा मोजा. एक बोट कमी झालं तरी ती कमाई आहे.

जेवताना पहिला घास स्वतः उचला, अर्ध्यावर अडला तरी. मग उरलेलं तिनं भरवावं. लाज धरू नका.

भाऊबीज झाली की पहिल्या सोमवारी धंतोलीले या. जेवून या, ढिला सदरा घालून या. बाई विचारतील कसं आहे, तर 'बरं आहे' म्हणू नका. कुठं, कसं, किती वेळ दुखते ते सगळं सांगा. बोलायले संकोच वाटला तर लिहून आणा. मी बाकावर असेन. चंपतराव."

ताराबाईंनी वाचलं. 'पाच अंक'च्या जागी त्यांनी 'दहा' केलं. बाकी काही बदललं नाही. "तुम्ही 'तुम्हाले' लिहिलं," त्या म्हणाल्या.

"चुकलं का?"

"नाही जी. चिकटवा."

मग त्यांनी कपाटातून उरलेल्या प्रती काढून माझ्यापुढं ठेवल्या. एकेचाळीस होत्या. मी त्या प्रत्येकीवरची सातवी ओळ खोडली आणि वर त्यांची ओळ लिहिली. तिसऱ्या-चौथ्या प्रतीपासून हात आपोआप चालू लागला. तोवर पलीकडच्या पलंगावर कोणीतरी "बरं आहे, बरं आहे" म्हणत होतं आणि ताराबाई त्याला रागवत होत्या.

धंतोलीतल्या पेटीतून डाक केव्हा निघेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी पायीच स्टेशनावर गेलो. डाकेच्या खिडकीवरच्या बाबूला विचारलं, काटोलच्या पुढच्या खेड्यात पत्र कधी मिळेल.

"आजच्या गाडीनं गेलं तर परवा."

"आजच्या गाडीनं जाईल का?"

"अर्धा घंटा आहे. टाका तर खरं."

परवा म्हणजे दिवाळीच्या दोन दिवस आधी. मी पत्ता पुन्हा एकदा वाचला, गाव, पोस्ट, तालुका, आणि पत्र पेटीत टाकलं.